एवढ्याशा तुकड्याची गोष्ट

आपल्या घरांत काही शब्द आवाज खाली आणून उच्चारले जातात. 'बायॉप्सी' हा त्यातलाच एक. पुण्याच्या मावशीला फोनवर "डॉक्टरांनी बायॉप्सी करायला सांगितलीये" एवढं म्हटलं की पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येत नाही आणि मग, "अगं बाई! म्हणजे...?" पुढचा शब्द मावशी उच्चारत नाहीत. त्यातून ही बायॉप्सी ओठाची, पापणीची, कमरेखालच्या एखाद्या नाजूक जागेची असली, तर मावशीपर्यंत बातमी पोचतच नाही. सूनबाईंना कळत नाही, कधी कधी नवऱ्यालासुद्धा नाही.

मी ऑन्टारिओतल्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम केलं. रोज सकाळी छोट्या छोट्या बाटल्यांचे ट्रे यायचे. प्रत्येक बाटलीत कुणाच्या तरी अंगाचा एक एवढासा तुकडा, आणि बाटलीवरच्या लेबलामागे एक घाबरलेलं घर. त्या तुकड्यामागे केवढा इतिहास आहे हे मला काम करता करता कळत गेलं. आज तो तुमच्यापुढे ठेवते. ज्याची गोष्ट माहीत असते, त्याची भीती निम्मी होते, असा माझा अनुभव आहे.

शब्दापासूनच सुरुवात करू. 'बायॉप्सी' हा शब्द १८७९ साली पॅरिसच्या एर्नेस्त बेनिए यांनी रूढ केला. 'बायोस' म्हणजे जीवन आणि 'ऑप्सिस' म्हणजे पाहणं, असे हे दोन ग्रीक शब्द. बेनिए स्वतः त्वचारोगतज्ज्ञ होते, म्हणजे या शब्दाचं माहेर कातडीच्या दवाखान्यातच आहे! त्याच सुमारास बर्लिनमध्ये कार्ल रुगे आणि योहान फाइट हे दोन डॉक्टर स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा तुकडा काढून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मगच ऑपरेशनचा निर्णय घ्यावा, असं आग्रहाने सांगत होते. त्याआधी डोळ्यांना दिसेल आणि बोटांना लागेल त्यावरच निदान व्हायचं. नुसत्या संशयावरून मोठमोठी ऑपरेशन्स व्हायची. तेव्हा बायॉप्सीचा जन्म झाला तो माणसाला विनाकारण कापू नये म्हणून, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

पण सुरुवातीलाच या पद्धतीची एक मोठी परीक्षा झाली, तीही एका राजवाड्यात. १८८७ साली जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. हे व्हिक्टोरिया राणीचे जावई. जर्मन डॉक्टरांना घशाच्या कॅन्सरचा संशय होता आणि ऑपरेशनची तयारीही झाली होती. तेवढ्यात लंडनहून मोरेल मॅकेंझी यांना बोलावलं गेलं. त्यांनी स्वरयंत्रावरच्या गाठीचा एक बारीक तुकडा काढला आणि तो त्या काळचे सर्वश्रेष्ठ पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ विर्शो यांच्याकडे पाठवला. विर्शोंना त्यात कॅन्सर दिसला नाही. ऑपरेशन रद्द झालं. नोव्हेंबरपर्यंत आजाराने आपलं खरं रूप दाखवलं. मार्च १८८८ मध्ये फ्रेडरिक सम्राट झाले आणि अवघ्या ९९ दिवसांनी, १५ जूनला वारले. गादीवर आला त्यांचा मुलगा दुसरा विल्हेल्म, म्हणजे पहिल्या महायुद्धातला कैसर.

विर्शोंनी आपल्या अहवालात सावधपणे म्हटलं होतं की हे मत हाती आलेल्या तुकड्यापुरतं आहे, उरलेल्या भागाबद्दल त्यावरून खात्री देता येत नाही. हे वाक्य मला प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लावावंसं वाटतं. तुकडा फक्त आपल्यापुरतंच बोलतो. म्हणून तो योग्य जागेचा आणि पुरेसा खोल असावा लागतो, आणि 'काही नाही' असा रिपोर्ट येऊनही जखम बरी होत नसेल तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. दुसऱ्यांदा बायॉप्सी सांगितली म्हणून घाबरून जाऊ नका. डॉक्टर फ्रेडरिकची गोष्ट विसरलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच १८८७ साली न्यूयॉर्कच्या एडवर्ड कीझ यांनी त्वचेसाठी एक साधं हत्यार पुढे आणलं. गोल, धारदार कडेची एक नळी. कातडीवर टेकवायची, बोटांनी फिरवायची, की आतला गोल तुकडा सुटा होतो. शंकरपाळ्यांऐवजी गोल कापण्या करताना आपण वाटीने पोळी कापतो ना, तसंच. याला 'पंच' म्हणतात आणि आजही टोरोंटोपासून व्हॅनकुव्हरपर्यंत त्वचेची बायॉप्सी बरेचदा याच पद्धतीने होते. तुकडा असतो तीन-चार मिलिमीटरचा, साधारण कच्च्या साबुदाण्याएवढा.

"पण दुखतं का हो?" हा पुढचा प्रश्न. ओठ, पापणी किंवा गुप्तांगाजवळची कातडी म्हणजे संवेदनेच्या तारांचं दाट जाळं. तिथे नुसता चिमटा काढला तरी डोळ्यांत पाणी येतं. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं आणि जागेवरच्या भुलेचं युग सुरू झालं. कोकेनचे धोके लवकरच कळले. पुढे १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन तयार केलं. डेंटिस्टकडे जे इंजेक्शन मिळतं ते बहुधा याच घराण्यातलं. ते टोचताना दहा-पंधरा सेकंद चांगलंच चुरचुरतं, खोटं कशाला सांगू? त्यानंतर मात्र दाब कळतो, दुखत नाही. फार नाजूक जागा असेल तर आधी बधिर करणारं क्रीम लावतात, त्यामुळे सुईसुद्धा कमी बोचते. असं क्रीम लावता येईल का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा, कारण त्याचा परिणाम व्हायला वेळ लागतो.

आता आपल्याकडची सर्वांत चिवट समजूत: "हात लावला की पसरतं." ही अडाण्यांची समजूत म्हणून हसण्यावारी नेऊ नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठमोठ्या सर्जन्सनाही हीच धास्ती होती आणि त्यांच्यात यावर कडाक्याचे वाद झाले. पुढे अनेक दशकं रुग्णांच्या नोंदी ठेवून, बायॉप्सी केलेले आणि न केलेले यांची तुलना करून हा वाद निवळला. त्वचेचा तुकडा काढल्याने त्वचेचा कॅन्सर पसरतो, असं दिसलं नाही. वाढतो तो वाट पाहण्याने.

या इतिहासात आपली माणसंही आहेत. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे नाव आपल्या नव्या पिढीला फारसं माहीत नाही. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथल्या लॅबोरेटरीची धुरा त्यांच्याकडे होती. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९४५ साली त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी अमेरिकेतल्या एका पॅथॉलॉजीच्या नियतकालिकात लेख लिहिला. विषय होता, माणसाच्या सवयींमुळे होणारे कॅन्सर. त्यात त्यांनी एकाला नाव दिलं 'धोती कॅन्सर'. वर्षानुवर्षं धोतराची गाठ एकाच जागी घट्ट आवळली जाते, तिथली कातडी घासते, काळवंडते, जाड होते आणि क्वचित कुणाला तिथे न भरणारी जखम होऊन पुढे कॅन्सर होतो. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी कांगडी धरून बसणाऱ्यांना होणाऱ्या कॅन्सरची नोंद त्याआधी १८६६ मध्येच झाली होती. पण रोजच्या धोतराकडे कोण संशयाने बघणार? ते बघितलं मुंबईतल्या सूक्ष्मदर्शकाने.

धोतरं गेली, परकराची नाडी राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या ब्रिटिश नियतकालिकात वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकिगत छापली. दोघींच्याही कमरेच्या उजव्या बाजूला न भरणारी जखम होती. एक सत्तर वर्षांची, दुसरी त्याच्या जरा अलीकडची. एकीची नाडी आणि दुसरीच्या लुगड्याची गाठ अनेक वर्षं घट्ट बसलेली. बायॉप्सी केल्यावर कॅन्सर निघाला. जुन्या, सतत चिडलेल्या कातडीत होणाऱ्या अशा जखमेला 'मार्जोलिन अल्सर' म्हणतात, कारण १८२८ साली फ्रेंच सर्जन मार्जोलिन यांनी अशा जखमांचं वर्णन केलं होतं. असा कॅन्सर फार दुर्मिळ आहे, तेव्हा साडी नेसणाऱ्या सगळ्यांनी धास्ती घेऊ नये. मला त्यातली दुसरीच गोष्ट लागली. पहिलीने ती जखम दीड वर्ष अंगावर काढली होती, दुसरीने दोन वर्षं. एकीच्या जांघेतल्या गाठीपर्यंत आजार पोचला होता. साबुदाण्याएवढा तुकडा दीड वर्ष आधी काढला असता तर?

दीड वर्ष का लागतं? पैसा, अंतर, घरकाम ही कारणं आहेतच, पण लाज हे फार मोठं कारण. हेही जुनंच दुखणं. आनंदीबाई जोशींनी १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे) कॉलेजात भाषण केलं, त्यात हिंदुस्थानला स्त्री डॉक्टरांची गरज किती आहे हेच त्यांनी सांगितलं. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून बायका मुकाट सोसत होत्या. आणि गंमत बघा, त्याच १८८३ च्या ऑक्टोबरात इकडे कॅनडात, टोरोंटो आणि किंग्स्टन या दोन्ही गावी स्त्रियांसाठी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. म्हणजे इथल्या बायकांचंही दुखणं तेच होतं! टोरोंटोच्या त्या कॉलेजातून पुढे 'विमेन्स कॉलेज हॉस्पिटल' उभं राहिलं आणि १९४८ मध्ये तिथे स्त्रियांचा कॅन्सर लवकर ओळखण्यासाठी खास क्लिनिक निघालं.

म्हणून सांगते, नाजूक जागेची बायॉप्सी असेल तर स्त्री डॉक्टर मिळेल का, तपासताना खोलीत नर्स किंवा आपलं माणूस असेल का, हे इथे बिनदिक्कत विचारता येतं. आईला इंग्रजीत सांगणं अवघड जात असेल तर दुभाषाची सोय होते का तेही विचारा. नातवाला दुभाषा म्हणून नेऊ नका. त्याच्यासमोर आजी खरं सांगणार नाही.

माझी पाळी सहा वर्षांपूर्वी आली. कमरेवर नाडीच्याच रेषेत एक खरखरीत चट्टा होता, खाजायचा आणि कधी कधी चिरायचा. मला त्या बाटलीचा सगळा प्रवास पाठ होता. तुकडा फॉर्मालिनमध्ये पडणार (फॉर्मालिनचा हा उपयोग १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम यांना कळला), मग मेणात बसणार, मग एका मिलिमीटरचे दोनशे भाग करावेत इतका पातळ कापला जाणार आणि जांभळ्या-गुलाबी रंगांत रंगून काचेवर चढणार. तरीही टेबलावर पालथी झाले तेव्हा हात गार पडले होते. माहिती असली तरी छाती धडधडतेच. मात्र पळून जावंसं वाटलं नाही. चट्टा साधा एक्झिमाचा निघाला.

तयारीचं म्हणाल तर तिचाही इतिहास बराचसा कॅनडाचाच आहे! डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, "रक्त पातळ करायचं औषध घेता का?" त्यातलं हेपरिन १९३० च्या दशकात टोरोंटोमध्ये चार्ल्स बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध करून माणसाला वापरण्याजोगं केलं. अशी गोळी असेल तर आधी जरूर सांगा, पण मनाने बंद करू नका. छोट्या बायॉप्सीसाठी बहुतेक वेळा ती चालूच ठेवतात, आणि परस्पर थांबवली तर धोका हृदयाला आणि मेंदूला. दुसरा प्रश्न मधुमेहाचा. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटो जनरल हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा एका मधुमेही मुलाला इन्शुलिन टोचलं गेलं, आणि त्यातले बेस्टही हेच. साखर ताब्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो, म्हणून आधीचे आकडे बरोबर न्या. याशिवाय पेसमेकर, कुठल्या औषधाची किंवा चिकटपट्टीची अॅलर्जी, पूर्वी जखमेचा वण फुगून आला असेल तर तेही सांगा. आपल्या कातडीत ही वण फुगण्याची खोड जरा जास्त आढळते. त्या दिवशी पोटभर खाऊन जा, त्या जागी क्रीम-पावडर लावू नका, सैल सुती कपडे घाला. घरी त्या जागेचा एक फोटो काढून ठेवला तर पुढे टाके काढताना किंवा पुन्हा तपासताना उपयोगी पडतो.

आणि नंतर? आपल्या आज्या म्हणायच्या, "हवा लागू दे, खपली धरू दे." जगभरचे डॉक्टरही तेच म्हणायचे. १९६२ मध्ये लंडनच्या जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली जखम, उघड्या, कोरड्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने नवी कातडी धरते. पुढच्याच वर्षी माणसांतही तसंच दिसलं. कारण सोपं आहे. नव्या पेशी जखमेच्या कडेने आत सरकत येतात. ओलाव्यात त्यांना रस्ता मोकळा मिळतो, खपली असली तर तिच्याखालून वाट काढावी लागते. म्हणून आता सांगतात ते असं: पहिला दिवस पट्टी तशीच ठेवा. नंतर रोज साबण-पाण्याने हलकेच धुवा, टिपून कोरडं करा, साधं व्हॅसलीन लावा आणि पट्टी बांधा. हे व्हॅसलीनसुद्धा १८७२ चं, रॉबर्ट चेझब्रोच्या पेटंटचं. घरोघरी डबी असतेच, पण जखमेसाठी नवी उघडा, जुन्या डबीत बोटं गेलेली असतात. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने सलग पंधरा मिनिटं दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही!

तोंडातली जखम लवकर भरते, पण आठवडाभर गरम, तिखट आणि टोचणारं खाणं टाळा, म्हणजे चकल्या आणि चिवडा थोडे थांबतील. कमरेखालची जागा असेल तर लघवीला चुरचुरतं, तेव्हा वरून कोमट पाणी ओतत राहावं, म्हणजे आग होत नाही. तिथे बहुधा आपोआप विरघळणारे टाके घालतात. चेहऱ्याचे टाके पाच-सात दिवसांत आणि पाठ-कमरेचे दहा-चौदा दिवसांत काढतात. अभ्यंगस्नानाचं तेल-उटणं जखमेच्या आसपास नको आणि हळदही नको. हळदीचा मान मोठा, पण स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते. लाली आणि दुखणं दिवसागणिक वाढत गेलं, पू आला किंवा ताप आला, तर लगेच फोन करा. नंतर काही महिने तिथे काळसर डाग राहील. आपल्या रंगाच्या कातडीला ते नेहमीचंच आहे. उन्हात येणारी जागा असेल तर सनस्क्रीन लावा.

रिपोर्टला आठवडा-दोन आठवडे लागतात. हल्ली तो डॉक्टरांच्या आधी आपल्या फोनवरही येतो. शुक्रवारी संध्याकाळी एकट्याने उघडून एकेक शब्द शोधत बसू नका. डॉक्टरांशी बोलायची वेळ ठरवा, बरोबर कुणाला तरी घ्या. त्या गुंतागुंतीच्या शब्दांमागेही माणसंच असतात. विल्यम बॉइड यांनी विनिपेगमध्ये आणि मग टोरोंटोमध्ये पॅथॉलॉजी शिकवली. त्यांचं १९३२ चं पाठ्यपुस्तक तिकडे भारतातल्या मेडिकलच्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या घोकलं. तुमच्या तुकड्याकडे पाहणारे डोळे बर्लिन, मुंबई, विनिपेग अशा सगळ्या ठिकाणच्या शिकवणीतून तयार झालेले असतात.

दिवाळीत मुली आईच्या पाठीला तेल लावतात, सुना सासूबाईंची साडी नीट करून देतात. त्या वेळी कमरेवरची नाडीची रेघ जरा नीट बघा. काळपट असेल तर नाडी सैल करा, दुसऱ्या जागी बांधा, रुंद पट्ट्याचा परकर आणा. पण तिथे, किंवा ओठावर, गालाच्या आत, कुठेही महिनाभर न भरलेली जखम असेल, तर "काही नाही गं, होईल बरं," हे ऐकून घेऊ नका. सणाचे चार दिवस गोडाधोडाचे जाऊ द्या आणि सोमवारी डॉक्टरांना फोन लावा.